भागीचे घोडे आणि गटाची शेळी





मागच्या हंगामात ऊस नोंदीच्या कामाने अर्धापूरच्या शिवारात फिरत असताना एका सभासदाच्या बांधावर चहाला थांबलो होतो. दोन एकर ऊस, एक एकर केळी, घरात दोन मुले. धाकट्याला बारावी होऊन चार वर्षे झालेली. बाप म्हणाला, "साहेब, एवढा ऊस तर आम्ही नवरा-बायकोच सांभाळतो. पाणी द्यायला तेवढं पोरगं लागतंय, बाकी दिवसभर ते फाट्यावर बसायलंय. त्याला काही तरी रस्ता सांगा." पोरगा शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "साहेब, शेळ्या करायच्यात. पण गटात. गटाला अनुदान भेटतंय म्हणे."

त्या "म्हणे"ने माझ्या मनात धाकधूक झाली. अनुदान मिळते म्हणून झालेले गट मी पाहिले आहेत आणि ते मोडतानाही पाहिले आहेत. गट करणे वाईट नाही, उलट गटाशिवाय लहान शेतकऱ्याच्या पोराचा निभाव लागणार नाही. पण गटात काय एकत्र करायचे आणि काय एकत्र करायचे नाही, हे आधी समजले पाहिजे. आजचा धडा एवढ्याचसाठी आहे.

१. उसाच्या जोडीला दुसरा पैसा का?

ऊस हे भरवशाचे पीक आहे यात शंका नाही. पण लागणीपासून बिल हाती येईपर्यंत वर्ष-सव्वा वर्ष जाते. मधल्या काळात बेणे, खत, मजुरी, मुलांची फी आणि दवाखाना हे सगळे उधारीवर चालते. बिल आले की निम्मे उधारीतच जाते. शिवाय आपला ऊस पाण्यावर उभा आहे. इसापूरच्या कालव्याला पाणी सुटले तर आपण राजे, नाही सुटले तर आकाशाकडे बघत बसायचे. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांना आठवतो. २०१६ साली शेजारच्या लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, ते तर आपण सगळ्यांनीच पाहिले. अशा वर्षी उभा ऊस वैरण म्हणून तोडण्याची पाळी येते. ज्याच्या दारात चार जनावरे आहेत, त्याला निदान अडल्या वेळी एक विकून घर चालवता येते.

२. जनावर कोणते?

आपला मुलूख जनावरांच्या बाबतीत नशीबवान आहे. कंधारची लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातली देवणी या गाई-बैलांच्या नामांकित जाती इथल्याच. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि हाळी-हंडरगुळीच्या बाजारात ही जनावरे पाहायला दुरून लोक येतात. लाल कंधारी हे कष्टाचे, काटक जनावर आहे, पण दुधाला कमी. दुधाचा धंदा करायचा तर संकरित गाय किंवा म्हैस घ्यावी लागते. तिला भांडवल मोठे लागते आणि रोज दोन वेळा दूध उचलणारा भरवशाचा गिऱ्हाईक लागतो. उदगीरचा दूध भुकटी प्रकल्प एकेकाळी मराठवाड्यात गाजलेला होता. तो बंद पडला. दूध आटले की संकलन बंद होते, संकलन बंद झाले की गाई विकल्या जातात. दुधाची साखळी मध्येच तुटली तर एकटा पोरगा काय करणार?

म्हणून ज्याच्याजवळ भांडवल थोडे, जमीन थोडी आणि अनुभवही थोडा, त्याने उस्मानाबादी शेळीपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. ही शेळी आपल्याच मुलखातली आहे. रंगाने बहुधा काळी, ऊन-पाऊस सोसणारी, आणि जुळी करडे देणारी म्हणून प्रसिद्ध. गाभण राहिल्यापासून सुमारे १५० दिवसांत विते. नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेते मिळतात. बाहेरून आणलेल्या महागड्या जातींच्या मागे पहिल्याच वर्षी लागू नये. त्यांना इथली हवा मानवेपर्यंत आपला पैसा संपतो.

३. भागीचे घोडे किवणाने मेले

ही म्हण आपल्या आजोबांनी उगीच केलेली नाही. घोडे दोघांचे. पाठीवर जखम झाली. एकाला वाटले दुसरा बघील, दुसऱ्याला वाटले पहिला बघील. जखमेत किडे पडले आणि घोडे गेले.

काही वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या एका गावात दहा तरुणांनी गट केला. गावाचे नाव सांगत नाही. त्यांनी कर्ज काढून एकच मोठा गोठा बांधला आणि पन्नास शेळ्या एकत्र ठेवल्या. राखणीच्या पाळ्या लावल्या. पहिले दोन महिने उत्साह होता. मग एकाच्या घरी लग्न निघाले, एक पुण्याला कंपनीत गेला, एकाच्या पाळीला शेळ्या उपाशी राहिल्या. पावसाळ्याच्या तोंडावर लस टोचायची कोणी, यावर बैठक झाली आणि लस काही टोचली गेली नाही. रोग आला, निम्म्या शेळ्या गेल्या. उरलेल्या विकून कर्जाचे व्याज भरले. त्या दहा जणांतले काही जण आज एकमेकांशी बोलत नाहीत. पोरे आळशी नव्हती. चूक रचनेत होती.

आता आपल्या कारखान्याकडे बघा. आपण सभासद झालो तेव्हा जमिनी एकत्र केल्या का? नाही. ऊस ज्याच्या त्याच्या शेतात आहे. पाणी कमी पडले तर त्याचे नुकसान, चांगला जोपासला तर त्याचाच फायदा. एकत्र काय केले? जे एकट्याला झेपत नाही ते. गाळप, तोडणी-वाहतूक आणि साखरेची विक्री. प्रवरेला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी कारखाना उभा केला, तो याच पायावर. गुजरातेत खेडा जिल्ह्यात १९४६ साली त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने दूध संघ झाला, त्यातूनच पुढे अमूल उभे राहिले. तिथेही म्हशी एकत्र केल्या नाहीत. म्हैस ज्याच्या त्याच्या दारात राहिली, दूध तेवढे एकत्र केले. उलट १९५९ साली काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सामुदायिक शेतीचा ठराव झाला, त्याचा केवढा गाजावाजा झाला होता! जमिनीच एकत्र करण्याचा तो विचार देशात रुजला नाही.

तेव्हा गटाचा पहिला नियम असा : शेळी ज्याची त्याची, खरेदी, बोकड, लस आणि विक्री सगळ्यांची.

४. गट कसा बांधावा?

(अ) पाच ते आठ जण पुरेत. एकाच वस्तीवरचे, एकमेकांच्या घरी जाणे-येणे असलेले. नात्यागोत्यापेक्षा शब्दाला जागणारा माणूस बघावा.

(आ) प्रत्येकाने पाच शेळ्यांपासून सुरुवात करावी. पाच शेळ्यांना निवाऱ्याची जागा फार लागत नाही. एका मोठ्या शेळीला छपराखाली साधारण १० चौरस फूट आणि मोकळ्या अंगणात २० चौरस फूट धरावे. जमीन कोरडी हवी, वारा खेळता हवा. गोठ्यावर पैसा उधळू नका. पैसा शेळीत घाला.

(इ) घरातल्या बाईचे नाव गटात घ्या. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. बहुतेक घरांत शेळीला पाला टाकणारी, करडाला पाजणारी, रात्री उठून बघणारी आई किंवा सून असते, आणि गटाच्या कागदावर नाव असते पोराचे. जी सांभाळते तिला बैठकीत बोलता आले पाहिजे. शेळीचे दुखणे तिलाच आधी कळते.

(ई) प्रत्येक शेळीच्या कानात बिल्ला आणि गटाची एकच वही. वहीत तीन तारखा : फळली कधी, व्याली कधी, लस कधी. एवढी वही ठेवता आली नाही तर धंदा करू नये.

(उ) दरमहा ठराविक तारखेला बैठक आणि ठराविक बचत. या बचतीतून औषध, लसीचा खर्च आणि वजनकाटा. एखाद्याची शेळी दगावली तर सगळ्यांनी मिळून थोडी भरपाई द्यावी. मात्र बिल्ला आणि लसीची नोंद असेल तरच. या एका अटीने निम्मी हयगय बंद होते. विमा वेगळा काढावाच.

सुरुवातीला मोठी नोंदणी लागत नाही. चार ते दहा जणांच्या संयुक्त देयता गटाला बँक कर्ज देऊ शकते. गट दोन-तीन वर्षे टिकला तर पुढे सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी करता येईल. आधी लग्न, मग पाळणा.

५. बोकड हा गटाचा खरा फायदा

पाच शेळ्यांसाठी कोणी चांगला बोकड पाळत नाही. मग गावातल्या कोणत्याही बोकडाकडून, नाही तर घरच्याच करडाकडून शेळी फळते. बापाकडून लेक, भावाकडून बहीण असे होऊ लागले की करडे लहान निपजतात, मरतात, वजन धरत नाहीत.

सहा घरांच्या ३० शेळ्यांना दोन उत्तम बोकड पुरतात. दोन्ही वेगवेगळ्या गावचे घ्यावेत, शक्यतो जुळ्यांतले आणि आईला दूध भरपूर असलेले. एक बोकड तीन घरांना, दुसरा तीन घरांना. या बोकडांच्या पाठी माजावर येऊ लागतात, तेव्हा बोकडांची अदलाबदल करावी. त्यानंतर दोन्ही विकून नवे आणावेत. एकट्याला हे परवडत नाही, गटाला सहज परवडते. पाठ दहा-बारा महिन्यांची आणि अंगाने भरल्याशिवाय फळवू नये. शेळी १८ ते २१ दिवसांनी माजावर येते, तेव्हा एक वेळ चुकली तर तीन आठवडे वाया गेले असे समजा.

६. चारा : ऊसवाल्याची सोय आणि ऊसवाल्याची चूक

"साहेब, वाढे आहेत की!" असे मला सगळेच सांगतात. दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक तर तोडणीच्या वेळी वाढ्यावर रिवाजाने तोडकऱ्यांच्या बैलांचा हक्क असतो, आणि तो असलाच पाहिजे. दुसरे, वाढे हे हंगामापुरते आणि जोड म्हणून आहे. वाढ्यात ऑक्झॅलिक आम्ल असते, ते अंगातले कॅल्शियम बांधून टाकते. नुसत्या वाढ्यावर राहिलेले जनावर हाडाने खचते, दूध कमी देते, गाभण राहायला त्रास देते. म्हणून कुट्टी करून, वर चुन्याची निवळी शिंपडून, आणि सोबत खनिज मिश्रण देऊन वाढे चारावे.

शेळी मुळात पाला ओरबाडून खाणारी. तिला झाडपाला हवा. उसाच्या बांधावर, पाटाच्या कडेला शेवरी, सुबाभूळ, शेवगा, हादगा लावा. जमीन एक गुंठाही अडत नाही. सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. सोयाबीन, तूर, हरभरा यांचे भुसकट पावसात भिजू न देता साठवा. तेच उन्हाळ्यात सोने होते. केळीची पाने टंचाईत चालतात, पण त्यात पाणीच फार, कस कमी. मोठ्या शेळीला दिवसाला अंदाजे ३ ते ४ किलो हिरवा चारा, एक किलोपर्यंत वाळला चारा, आणि गाभण किंवा दुधाच्या शेळीला पाव किलो खुराक धरावा.

तीन धोके उसाच्या शेतकऱ्याने विशेष ओळखावेत. युरियाचे पोते उघडे ठेवू नका, शेळीने चाटले तर ती जगणे कठीण. तणनाशक मारलेल्या उसात, बांधावर शेळी सोडू नका. आणि पाण्याच्या ताणातले ज्वारीचे कोवळे फुटवे चारू नका, त्याने विषबाधा होते.

७. रोग : औषधापेक्षा तारीख महत्त्वाची

* पी.पी.आर. (शेळ्यांची बुळकांडी) : करडे तीन-चार महिन्यांची झाली की लस. पुढे तीन वर्षांनी.
* आंत्रविषार : दरवर्षी पावसाळ्याआधी. पहिल्या पावसाचे कोवळे गवत अधाशीपणे खाऊन धडधाकट शेळ्या एका रात्रीत जातात, त्या बहुधा याच रोगाने.
* घटसर्प : पावसाळ्याआधी.
* लाळ्या-खुरकूत : सहा महिन्यांनी एकदा.
* जंतनाशक : पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

इथे गट कसा कामाला येतो ते बघा. लसीची बाटली बहुतेक वेळा अनेक जनावरांची असते. बर्फात आणावी लागते आणि एकदा औषध कालवले की काही तासांत संपवावी लागते. पाच शेळ्यांसाठी बाटली फोडायला डॉक्टर कचरतात. सहा घरांच्या शेळ्या-करडे मिळून साठ-सत्तर जनावरे एके ठिकाणी आणली तर डॉक्टर स्वतः दारात येतात.

नवी शेळी आणली की २१ दिवस वेगळी बांधा. करडू जन्मल्यावर पहिल्या तासाच्या आत चीक पोटात गेलाच पाहिजे. नाळ कापून आयोडीन लावा. करडे मरतात ती बहुतेक पहिल्या महिन्यात, गारठ्याने, हगवणीने आणि उपासमारीने. ही तीनही कारणे माणसाच्या हातातली आहेत.

८. विक्री : काट्यावर, अंदाजावर नाही

व्यापारी दारात येतो, बोकडाच्या कमरेवर हात दाबतो आणि उक्ता भाव सांगतो. त्याचा हात म्हणजे काटाच असतो, आपला हात मात्र रिकामा. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तशी गत आपली होते. गटाने बचतीतून पहिली वस्तू घ्यावी ती लटकता वजनकाटा. दर महिन्याला करडे तोला. वजन वाढत नसेल तर महिन्याभरात कळते, आणि विक्रीच्या दिवशी भाव किलोवर बोलता येतो.

एकट्याची दोन बोकडे घेऊन नांदेडला जाणे परवडत नाही. सहा घरांची पंधरा बोकडे एका गाडीत जातात. पंधरा एकदम मिळणार म्हटल्यावर व्यापारीच फोन करतो. बकरी ईदेला भाव चांगला मिळतो, पण तिथे वर्ष पुरे झालेला, निर्दोष बोकड लागतो. ईद दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येते. तेव्हा ईदेच्या तारखेपासून मागे वर्षभर, त्याच्या मागे गाभणकाळाचे पाच महिने मोजा, म्हणजे शेळी कधी फळवायची ते कळेल. वहीतल्या तारखा इथे पैसे देतात.

९. पाटीवरचा हिशेब

सहा घरे, प्रत्येकी ५, एकूण ३० शेळ्या. दोन वर्षांत तीन वेते धरली तर ९० वेते. त्यातली १५ चुकली असे धरू, राहिली ७५. वेताला सरासरी दीड करडू म्हणजे सुमारे ११२. त्यातली २२ दगावली असे धरू. हाती ९० : अंदाजे ४५ नर, ४५ पाठी. सगळे नर आणि २५ पाठी विकल्या, २० उत्तम पाठी कळपात ठेवल्या. म्हणजे दोन वर्षांत विक्री ७० जनावरांची, घरटी ११-१२.

आठ-नऊ महिन्यांचे जनावर २० किलोचे धरा आणि आपल्या गावच्या किलोच्या भावाने गुणा. त्यातून खुराक, औषध, विमा आणि कर्जाचा हप्ता वजा करा. आकडा मी मुद्दाम लिहीत नाही, तुम्हीच पाटीवर मांडा. दिसेल ते खरे आहे : पाच शेळ्यांवर नोकरीचा पगार सुटत नाही. कोणी तसे सांगत असेल तर त्याला शेळ्या विकायच्या आहेत असे समजा. आणि पहिला पैसा यायला गाभणाचे पाच आणि वाढीचे आठ, असे तेरा महिने लागतात, म्हणजे उसाएवढेच! गाभण शेळी घेतली तर तेवढे महिने वाचतात. पण एकदा चक्र सुरू झाले की दर दोन-तीन महिन्यांनी काही ना काही विक्रीला निघते, आणि मुद्दल दारात वाढत राहते. तिसऱ्या वर्षी पाचाच्या दहा झाल्या, सांभाळायचा हात बसला, की मग हा धंदा पोराच्या पायावर उभा राहतो.

१०. अनुदानाविषयी चार शब्द

केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ साली सुधारणा झाली. पुढे त्यात १०० शेळ्या व ५ बोकड या किमान प्रकल्पापासून भांडवली खर्चाच्या निम्मे अनुदान ठेवले गेले. या किमान प्रकल्पाला त्याची मर्यादा १० लाख रुपये होती. गट, सहकारी संस्था यांनाही अर्ज करता येतो. पण अनुदान हप्त्याने मिळते, कर्ज मात्र पहिल्या दिवसापासून आपले असते. ज्याने पाच शेळ्या एक वर्ष जगवल्या नाहीत, त्याने शंभराचा अर्ज करणे म्हणजे पोहता येत नसताना पुरात उडी घेणे. आधी पाच जगवा, वही दाखवा, मग अर्ज करा. अर्जाआधी पंचायत समितीतील पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटून त्या वेळचे नियम विचारून घ्या.

११. आणि शेवटी ऊस

उसाच्या माणसाने शेळीवर एवढे का लिहावे, असे कोणी म्हणेल. उसाला हेक्टरी २० ते २५ टन शेणखताची शिफारस आहे, आणि आपल्या शिवारात बैल कमी झाले तसे खतही संपले. लेंडीखत शेणखतापेक्षा कसदार असते. पाचट न जाळता सरीत कुजवले आणि सोबत लेंडीखत पडले, तर जमीन पुन्हा जिवंत होते. म्हणजे शेळी पोराचा हात खर्चाला लावते आणि बापाच्या उसालाही हात देते.

गटाने पहिल्या बैठकीत स्वतःला विचारायचे प्रश्न

१. आपल्यापैकी कोणी गाव सोडले तर त्याच्या शेळ्या कोण बघणार?
२. वही कोण लिहिणार आणि कोण तपासणार?
३. अनुदान मिळाले नाही, तरी आपण हा धंदा करणार का?

तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यांनी मनापासून "हो" म्हटले, तर गट करा. एकजण जरी गप्प बसला, तर आणखी एक महिना थांबा. बांधावरच्या त्या पोराला मी हेच सांगितले. तो गप्प बसला, मग म्हणाला, "साहेब, तिघं तर नक्की हाव." मी म्हटले, तीन खरे असले तर पाच व्हायला वेळ लागत नाही.

कोणाला बैठक घ्यायची असेल तर शेतकी खात्यात किंवा आपल्या गटाच्या शेतकी मदतनीसाकडे निरोप ठेवावा. ऊस बघायला येतो, तसा शेळ्या बघायलाही येईन.

आपला,
ऊस विकास अधिकारी